महापूर, पडकं घर आणि विम्याचा क्लेम

पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलवर जेवणाच्या ताटावर एकच विषय असतो. "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे करवीर-शिरोळच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. आणि १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तर आपल्याच भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला. एका महिलेचा जीव गेला, जनावरे वाहून गेली, शेतीची माती झाली.

पूर ओसरला की चिखल काढायला सगळे धावतात. पण घर पुन्हा उभे करायचा पैसा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडे ट्रॅक्टरचा विमा असतो, गाडीचा असतो, म्हशीचासुद्धा असतो. घराचा मात्र क्वचितच. आणि ज्यांचा असतो त्यांनाही क्लेम कसा करायचा हे नीट माहीत नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

सरकारी मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. आपत्ती निवारण निधीतून मिळते ती मदत असते, भरपाई नसते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये धरले होते. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० रुपये. सिव्हिलच्या कुठल्याही पोराला विचारा, एवढ्या पैशात किती भिंत उभी राहते! मधली दरी भरून काढायला विमाच लागतो.

पॉलिसीत काय लिहिले आहे ते आधी बघा

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे 'इरडाई'ने, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली. आग, भूकंप, वादळ, पूर, जलप्लावन, दरड कोसळणे हे सगळे तिच्या मूळ संरक्षणातच आहे. तिच्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक : विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नाही, तर बांधकामाच्या खर्चावर ठरते. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर. समजा ८०० चौरस फूट घर आणि दर १,८०० रुपये, तर रक्कम १४ लाख ४० हजार. जागेची किंमत यात येत नाही, कारण पूर जमीन घेऊन जात नाही.

दोन : इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला यादी न देताही संरक्षण मिळते. वरच्या उदाहरणात ते २ लाख ८८ हजार होईल.

तीन, आणि सर्वात महत्त्वाचे : यात कमी विम्याची कात्री लागत नाही. ही कात्री म्हणजे काय? समजा घर बांधायला २० लाख लागतात, पण विमा १० लाखांचाच काढला. नुकसान झाले ४ लाखांचे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत कंपनी म्हणते, तुम्ही निम्माच विमा काढला, मग नुकसानही निम्मेच देणार. हातात येतात २ लाख. 'भारत गृह रक्षा'मध्ये विमा रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मिळते. आपली पॉलिसी कुठल्या प्रकारची आहे हे आजच बघून ठेवा.

गृहकर्ज घेताना बँकेने काढलेली पॉलिसीही शोधून काढा. बऱ्याच घरांत ती कर्जाच्या फाईलमध्ये पडून असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. मात्र ती अनेकदा फक्त इमारतीची असते आणि क्लेमचे पैसे आधी कर्जखात्याकडे जातात. तसेच पॉलिसीवर घराचा पत्ता असतो. तुमचा हॉस्टेलवरचा लॅपटॉप घरच्या पॉलिसीत आपोआप येतो असे समजू नका.

पहिले चार दिवस

पाणी उतरले की आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा. भिंत फुगली असेल तर आत जाऊ नका. मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरताना ढासळतात, हे आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

मग कंपनीला लगेच कळवा. फोन करा, पण त्यावर थांबू नका. ई-मेल किंवा अर्ज द्या आणि क्लेम नंबर लिहून घ्या.

साफसफाईच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो घ्या. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, फरशी, दारे-खिडक्या, वायरिंगचे बोर्ड. फ्रीज, मोटर, टीव्ही यांच्या मागची नंबरची पट्टी. भिजलेले सामान कंपनीचा माणूस येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका, कारण त्याचीही किंमत हिशोबात धरली जाते. कुजलेली गादी, धान्य ठेवणे शक्यच नसेल तर फोटो काढून, यादी करून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मगच टाका.

तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. तारीख, वेळ आणि कारण त्यात बरोबर लिहिले आहे का ते वाचा. "जुने घर पडले" आणि "पुराच्या पाण्याने भिंत खचून घर पडले" या दोन वाक्यांत लाखाचा फरक पडू शकतो.

सर्वेअर : शत्रू नव्हे, मित्रही नव्हे

नुकसान मोजायला कंपनी परवानाधारक सर्वेअर नेमते. त्याची फी कंपनी देते, पण त्याने निःपक्षपाती राहून मोजमाप करावे अशी अपेक्षा असते. २०२४ च्या इरडाईच्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

इथे आपल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांचा खरा उपयोग आहे. गावाकडची माणसे "साहेब, सगळं गेलं हो" एवढेच सांगतात. सर्वेअरला मात्र 'सगळं' लिहिता येत नाही, त्याला नग, लांबी, रुंदी, उंची लागते. आपण इस्टिमेटिंगच्या तासाला जो तक्ता भरतो तोच इथे भरायचा. वीटकाम किती घनमीटर, गिलावा किती चौरस मीटर, फरशी किती, रंग किती. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचे किंवा स्थानिक गवंडी-ठेकेदाराच्या लेखी कोटेशनचे. असा कागद समोर ठेवला की चर्चा अंदाजावर न राहता मोजमापावर येते.

अजून एक. काळ्या मातीवर पाया असेल तर जमीन वाळताना आकसते आणि तडे काही आठवड्यांनी दिसतात. सर्वेअर येऊन गेल्यावर असा तडा दिसला तर गप्प बसू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना तारीख घालून पेन्सिलने खूण करा, फोटो काढा आणि कंपनीला लेखी कळवून पुन्हा पाहणी मागा. गिलाव्याचा केसासारखा तडा आणि पाया खचल्याचा तिरका तडा यांत फरक असतो. तो दाखवून द्यायचे काम आपले.

मात्र नुकसान फुगवून सांगू नका. एक खोटे बिल सापडले की खऱ्या बिलांवरचाही विश्वास उडतो आणि अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

रक्कम कमी वाटली तर

पहिला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. सर्वेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. कुठली बाब वगळली, कुठे घसारा धरला, ते आपल्या तक्त्याशी ओळीओळीने ताडून बघा आणि फरकाचे पत्र द्या. सर्वेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये म्हटले आहे.

'पूर्ण समाधानाने रक्कम मिळाली' अशा व्हाउचरवर सही मागतात. घाईत सही करू नका. पण पैशाची नड असल्याने कुणी सही केली असेल, तरी सगळे संपले असे नाही. केवळ सहीमुळे दाद मागायचा हक्क जात नाही, असे इरडाईने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावले आहे.

पुढच्या पायऱ्या अशा :

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. इरडाईच्या 'बीमा भरोसा' यंत्रणेतही नोंद करता येते, फोन १५५२५५.

२. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी पुण्याचे कार्यालय. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील नाही. मात्र कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

३. किंवा जिल्हा ग्राहक आयोग. इथे मुदत दोन वर्षांची. एकच तक्रार दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही, म्हणून विचार करून रस्ता निवडा.

मित्रांनो, आपल्यापैकी कुणाचे घर वेदगंगेकाठी आहे, कुणाचे दूधगंगेकाठी, कुणाचे कृष्णेकाठी. येत्या सुट्टीत घरी गेलात की तीन कामे करा. पॉलिसी असेल तर वाचा आणि नसेल तर घरात विषय काढा. प्रत्येक खोलीचे आणि सामानाचे फोटो आत्ताच, घर कोरडे असताना काढून ठेवा. आणि पॉलिसी, घरपट्टीची पावती, मोठ्या वस्तूंची बिले यांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा. तुमचा मोबाईल गारगोटीत असेल आणि ट्रंक गावाकडे पाण्यात असेल, तेव्हा त्या चार फोटोंची किंमत कळेल.

बाबांना आणि आईला फॉर्म भरता येत नसेल, तर तुम्ही भरा. शिकलो कशासाठी मग?