घराचा उंबरा बदलताना

मंडळी, घरातल्या कोणत्या वस्तूवरून सगळ्यांची सारखी ये-जा असते? उंबऱ्यावरून. रोज सकाळी आपण तो धुतो, रांगोळी काढतो, हळदकुंकू वाहतो. नवी सून माप ओलांडून आत येते तीही इथूनच. पण उंबऱ्याची प्रकृती बघायला खाली वाकतो कोण?

आम्ही विश्रामबागेचे. सांगली आणि मिरज यांच्या मधला हा भाग. इकडच्या जुन्या घरांना लाकडी उंबरे असत, काही अजून टिकून आहेत. लाकडी उंबरा बहुधा मधे कुजत नाही, कोपऱ्यांत कुजतो. चौकटीची उभी लाकडे जिथे उंबऱ्यात बसवलेली असतात, तिथे पाणी मुरते. लाकडाचे कापलेले तोंड दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढते. मागोमाग वाळवी येते. वरून रंग छान दिसतो, आत भुसा झालेला असतो. म्हणून कोपऱ्यात जाड खिळा टोचून पाहा. सहज आत गेला तर उंबरा गेला समजा. यात दोष रोजच्या धुण्याचा नाही बरं का. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचा आपल्याला कंटाळा!

पुराची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि कित्येक घरांत अनेक दिवस राहिले. अशी भिजलेली चौकट वरून लवकर सुकते, आतून सुकायला फार दिवस लागतात. घाईने रंग चोपडला की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजते. आधी नीट वाळू द्यावे.

आता काम कसे करायचे ते बघू. पहिल्यांदा वर पाहा. भिंत मातीची असेल आणि तिचा भार चौकटीवर आला असेल, तर स्वतः हात लावू नका. खालचा आधार निघाला की वरची भिंत अंगावर येईल. गवंड्याला बोलवा, भक्कम टेकू द्या, मगच पुढे. भार नसेल तर दार उतरवा. चौकटीच्या दोन उभ्या लाकडांना खालून वीतभर उंचीवर आडवी फळी ठोका, म्हणजे ती जागची हलणार नाहीत. मग करवतीने उंबरा मधे दोन ठिकाणी कापा आणि मधला तुकडा काढा. कोपऱ्यांतली टोके पटाशीने फोडून काढा. उभ्या लाकडांचे कुजलेले बूडही कापून टाका.

नवा उंबरा आम्ही दगडाचाच घ्यायला सांगू. दगडाला वाळवी लागत नाही. एका बाजूची भिंत थोडी जास्त कोरली की दगड तिरका आत सरकतो. खाली एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळूचा माल घाला. दगडाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी अंगणात जाईल. उंची दोन-तीन बोटे पुरे. उंच उंबरा म्हाताऱ्या माणसांना ठेच देतो, आणि त्या वयात मोडलेले हाड लवकर जुळत नाही.

सात दिवस वर ओले पोते ठेवा आणि मागच्या दाराने ये-जा करा. दार परत बसवताना खाली अर्धा सेंटीमीटर फट सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगते.