नुकसानभरपाईची मुदत

मुंबईंत रस्त्यावरील खड्ड्यांत पडून पाय मोडला, म्हणजे नागरिक प्रथम वॉर्ड कचेरीचे उंबरठे झिजवितो. आणि तेथेंच तो फसतो! महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याचें ५२७ वें कलम त्यास ठाऊक नसतें. पालिकेवर दावा लावण्यापूर्वीं तक्रारीचें कारण, आपलें नांव व पत्ता लिहून नोटीस द्यावयाची व १ महिना थांबावयाचें. दावा मात्र कारण घडल्यापासून ६ महिन्यांचे आंत. तोंडी आश्वासनांवर विसंबणाऱ्याचा हक्क तेवढ्यांतच बुडतो. २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खड्ड्यांच्या बळींच्या वारसांस ६ लाख रुपये ठरविले, हें योग्यच झालें. परंतु घरपट्टी थकतांच दंड आकारणाऱ्या पालिकेनें ही मुदतही प्रत्येक वॉर्ड कचेरीच्या दारावर ठळक मराठींत लावावी, अशी आमची मागणी आहे.