'आपलाच माणूस आहे, प्लॉट घेऊन टाका': व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीत नेमकं काय पाहायचं?

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. नागपूर, पुणे, मुंबईला कामाला असलेली पोरं गावी येतात. दिवसा पाहुणे, रात्री नाटक. याच दिवसांत गावाच्या, समाजाच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरावीक मेसेज फिरायला लागतात. हायवेला लागून लेआउट, एनए-टीपी मंजूर, नागपूर अवघ्या काही मिनिटांवर, सोपे हप्ते. आणि सगळ्यात शेवटी, 'आपलाच माणूस आहे, बिनधास्त फोन करा.'

या जाहिरातीत सगळ्यात जोर असतो तो या शेवटच्या ओळीत. रस्ता, गटार, वीज यांची आश्वासनं सगळेच देतात. पण आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या सोयरिकीतला माणूस समोर असला की कागद मागायला जीभ रेटत नाही. 'भाऊजी, माझ्यावर विश्वास नाही का?' या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यात घेणारा बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदाच प्लॉट घेत असतो. हातात असतो तो निवृत्तीचा पैसा, नाहीतर धानाचा चुकारा आणि थोडं कर्ज.

विक्रीचं हे तंत्र जगभर चालतं. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांना घर विकायचं तर एजंट स्पॅनिशमध्ये जाहिरात करतात, त्यांच्या वस्तीत, चर्चमध्ये, सणांमध्ये ओळखी वाढवतात. त्यात वाईट काहीच नाही. भाषा कळणारा माणूस भेटणं ग्राहकाच्या सोयीचंच आहे. अडचण येते ती जाहिरात एका भाषेत आणि सही करायचा कागद दुसऱ्या भाषेत असतो तेव्हा. म्हणूनच कॅलिफोर्नियात वाटाघाटी स्पॅनिशमध्ये झाल्या असतील, तर काही प्रकारच्या करारांचा त्याच भाषेतला अनुवाद सहीच्या आधी द्यावा लागतो. आपल्याकडे बोलणं मराठीत होतं आणि बुकिंगचा फॉर्म अनेकदा इंग्रजीत येतो. तो मराठीत समजावून मागायला लाजायचं कारण नाही.

फॉरवर्ड केलेला मेसेज ही जाहिरात असते का?

असते. 2016 च्या रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून प्लॉट किंवा घर विक्रीला असल्याचं सांगणारी सूचना, पत्रक, परिपत्रक, सगळं त्यात येतं. एजंटची व्याख्याही तशीच. प्रकल्पातला प्लॉट घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देऊन मोबदला घेणारा माणूस कायद्याने एजंट ठरतो, आणि त्याला नोंदणी करावी लागते. म्हणजे कमिशनवर मेसेज पुढे पाठवणारा, ग्राहक आणून देणारा तुमचा मेहुणाही एजंटच. हे बहुतेक मेहुण्यांना माहीत नसतं.

पी आणि ए यातला फरक

महारेराचे नोंदणी क्रमांक दोन प्रकारचे असतात. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए' अक्षराने. पत्रकावर 'रेरा रजिस्टर्ड' असं मोठ्या अक्षरांत छापून खाली फक्त 'ए'चा क्रमांक दिलेला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की एजंटची नोंदणी झाली आहे. ज्या लेआउटमध्ये तुम्ही पैसे घालणार त्याबद्दल तो क्रमांक काहीच सांगत नाही.

1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं बंधनकारक झालं आहे. तो मोबाईलवर स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडतं. विकासक कोण, काम कधी पूर्ण होणार, कोणत्या मंजुऱ्या मिळाल्या, हे तिथे दिसतं. पानावरचं गाव आणि गट क्रमांक तुम्हाला दाखवलेल्या जागेशी जुळतो का, हे आधी बघा.

'आमचा लेआउट छोटा आहे, रेरा लागत नाही' हे उत्तर हमखास मिळतं. प्लॉट पाडायच्या जमिनीचं क्षेत्र 500 चौरस मीटरपर्यंत असेल तर नोंदणीतून सूट आहे, हे खरं. पण 500 चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे. पाच गुंठ्यांत रस्ते सोडून कितीसे प्लॉट पडणार? बॅनर लावून विकला जाणारा लेआउट सहसा या सुटीत बसत नाही.

रेरा क्रमांक आहे, मग झालं का?

नाही. सातबारा स्वतः बघायचा. त्यावर 'भोगवटादार वर्ग-2' लिहिलेलं असेल, तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय सहसा विकता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर आणखी सावध व्हायला हवं: जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार ती बिगर आदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि 'एनए प्रस्तावित' म्हणजे एनए नव्हे. अर्ज केला आहे, एवढाच त्याचा अर्थ. कधी कधी तोही केलेला नसतो.

समृद्धी महामार्ग भंडारा-गोंदियाकडे वाढवण्याचा प्रकल्प जाहीर झाल्यापासून 'भाव दुप्पट होणार' ही ओळ जाहिरातींच्या हाताशी आली. भाव वाढेलही. पण भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे, आणि पत्रकातली मिनिटं नागपूरच्या कोणत्या टोकापासून मोजली हे पत्रक सांगत नाही.

पैशांचा नियम सोपा आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज पन्नास टक्के भरा, रेट फिक्स करून देतो' असं कुणी म्हणत असेल, तर तो कायद्याबाहेरचं मागतो आहे, नात्याने कुणीही असो.

खोट्या जाहिरातीवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि नुकसान झालं, तर कलम 12 खाली भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा असेल तर भरलेले पैसे व्याजासह परत मागता येतात. तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी तो मेसेज, ते पत्रक आणि पैसे दिल्याची पावती जवळ हवी. ग्रुपमधले जुने मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग सुरू असेल, तर प्लॉटच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.