थांबवणं आणि थांबवून ठेवणं

१९६५ ची फोर्ड मस्टँग घेऊ. तिच्या मागच्या चाकांना मुळात ड्रमब्रेक. हँडब्रेकची केबल ओढली की तेच ब्रेकशू ड्रमला घट्ट टेकतात. एकाच ड्रममध्ये दोन कामं. ड्रम काढून आपण डिस्क बसवतो, तेव्हा थांबवणं साधतं, पण थांबवून ठेवणं निसटू शकतं. काही जण मग झडप लावून ब्रेक ऑइलचा दाब कोंडून ठेवतात. पण ऑइल थंड होतं, दाब उतरतो आणि उतारावरची गाडी हळूच निघते. तेव्हा आपण केबल सोडायची नाही. एकतर हँडब्रेकची केबल जोडता येईल असा कॅलिपर घ्यायचा, नाहीतर डिस्कच्या मधल्या पोकळ भागात छोटे ब्रेकशू असलेली जोडणी. गाडीकडे पाठ फिरवून आपण निर्धास्त निघतो, ते या केबलच्या भरवशावर.