भाजलेल्या जखमेवर मध: सोलापूरची चाचणी आणि घरातली बाटली

‘जखमेवर मध ही जुनी समजूत, विज्ञानात तिला आधार नाही’ हा गैरसमज शिकल्यासवरल्या माणसांत जास्त आढळतो. आधार आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या सोलापुरातून आलेला आहे. डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी तिथे वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. 52 जणांच्या जखमांवर मध लावला, उरलेल्या 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर दवाखान्यात लावतात ते पांढरं मलम. 1991 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त निष्कर्ष छापून आले. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या 87 टक्के जखमा भरल्या होत्या, मलमाच्या गटातल्या 10 टक्के.

हा फरक मला जरा जास्तच मोठा वाटतो. कुणाला काय लावलंय हे अशा चाचणीत लपवता येत नाही, आणि ते पांढरं मलम स्वतःच जखम भरणं लांबवतं, हे आता माहीत झालं आहे. पण 2015 साली कॉक्रेन या संस्थेने 26 चाचण्या, 3,011 रुग्ण एकत्र तपासले, तेव्हाही अर्धवट खोल भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, हे टिकलं. आग होणाऱ्या जखमेवरची पट्टी रोज बदलून घेणाऱ्याला विचारा, चार दिवस म्हणजे काय ते.

हे घडतं कसं? मधात पाणी जेमतेम अठरा टक्क्यांच्या आसपास. इतका घट्ट पाक जंतूंमधलंच पाणी ओढून घेतो. शिवाय तो आम्लधर्मी. खरी गंमत पुढे आहे. मधमाशीने मधात मिसळलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर घट्ट मधात निजलेलं असतं. जखमेतली लस झिरपून मध पातळ झाला की ते जागं होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतं. बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं की फसफसतं आणि चांगल्या पेशीही भाजतं. मधातलं थोडं थोडं, सावकाश सुटतं.

म्हणून फडताळातली बाटली काढून लावावी का? नाही. चाचण्यांतल्या यशावरून घरातल्या मधाची खात्री देता येत नाही. मध तापवला की तेच विकर निकामी होतं. 2020 साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँड तपासले, त्यातले फक्त तीन सगळ्या कसोट्यांना उतरले. बाकीच्यांत साखरेचा पाक. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून ही भेसळ ओळखता येत नाही. आणि अस्सल, रानातून काढलेल्या मधातही बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि वेगळ्या ट्यूबमधून किंवा तयार पट्टीच्या रूपात विकतात. घरी चटका बसला तर आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. फोड मोठा असेल, चेहरा किंवा सांधा भाजला असेल, तर पुढचं डॉक्टरांवर सोडा.

‘भाजलेलं भरतं, मग मधुमेहाच्या पायाचंही भरेल’ या समजुतीची मला सगळ्यात धास्ती वाटते. पायाच्या जुनाट जखमांची गोष्ट वेगळी. न्यूझीलंडमध्ये 368 जणांच्या शिरांच्या दोषामुळे झालेल्या जखमांवर मानुका मधाच्या पट्ट्या लावून पाहिल्या. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारापेक्षा ठोस फायदा दिसला नाही, दुखण्याची तक्रार मात्र वाढली. मधुमेहाच्या जखमेत तर पायाचा रक्तपुरवठा, टाचेवरचा दाब आणि रक्तातली साखर यांचा प्रश्न असतो, आणि त्यातला एकही मधाने सुटत नाही. पाय सुन्न असल्याने दुखतही नाही, त्यामुळे मध लावून आठ दिवस वाट पाहणं सोपं वाटतं. त्या आठ दिवसांत जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. तळपायाला चीर दिसली, भोवती लाली आली, मोज्याला ओल लागली, तर त्याच दिवशी पाय दाखवून घ्या.