गळाला मासा, माणसाला ऊन

मे महिन्यात मुंबई-पुण्याची मुले गावी येतात, त्यांना घेऊन खाडीवर गरवायला जायचे आहे, तर तब्येतीच्या दृष्टीने काय काळजी घ्यावी, असे एका वाचकांनी पत्राने विचारले आहे. प्रश्न एकट्याचा नाही. होळी झाली की जेटीवर, पुलाच्या कठड्याशी, खडपावर काठ्या दिसू लागतात. म्हणून या आठवड्याचे सदर या हौशी मंडळींसाठी.

पावसाचे गढूळ पाणी निवळले आणि समुद्र शांत झाला की गरीचे दिवस सुरू होतात ते थेट मेअखेरपर्यंत. खाडीत तांबोशी, जिताडा, काळुंद्र. खडपाच्या कपारीत गोबरा. घाटावर धरणांचे पाणी खाली जाते, मासा थोड्या पाण्यात गोळा होतो आणि रोहू, कटला, मरळ यांच्या आशेने माणसे काठावर बसतात. उजनीचे पाणी ओसरून पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, ते हेच दिवस. जाळ्यावर पोट भरणारे कोळी आणि भोई बांधव ऊन-पाणी जन्मापासून ओळखतात. मी लिहितो आहे ते वर्षातून चार दिवस काठी हाती धरणाऱ्यांसाठी.

खाडीकाठच्या गावात दवाखाना चालवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. या छंदातली बहुतेक दुखणी मासा करीत नाही. ती करतो आपला एक विचार: ‘आणखी एक लागू दे, मग उठू.’ तहान लागली, मग पिऊ. काटा टोचला, मग बघू. मासा उन्हात पडला आहे, घरी जाऊन धुऊ. पहिल्या अर्ध्या तासात जे सहज आटोपते, तेच उशीर झाला की रुग्णालयात न्यावे लागते.

बसलेल्या माणसालाही ऊन लागते

उन्हाचा त्रास राबणाऱ्याला होतो, बसलेल्याला नाही, असा एक गैरसमज आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उन्हाने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा तापमान सुमारे ३८ अंश होते. ती माणसे शेतात राबत नव्हती. उघड्यावर बसून होती. गरवणाराही नेमका असाच बसतो. वर सूर्य, खालून पाण्यावरची तिरीप आणि तापलेला कातळ. शिवाय वारा असतो, त्यामुळे ऊन लागते आहे हे कळतच नाही.

आपले शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. किनाऱ्यावर हवा दमट, म्हणून घाम निथळतो पण वाळत नाही. अंगातले पाणी जाते आणि अंग मात्र थंड होत नाही. घाटावर उलट. हवा कोरडी, घाम तत्काळ वाळतो, सदरा कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटते की घाम आलाच नाही. दोन्हीकडे पाणी जातेच.

एका मे महिन्यात साठीच्या घरातले एक गृहस्थ सकाळी नऊपासून जेटीवर बसले होते. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू. बरोबर एक बाटली पाणी, तेही आमिषाची कोळंबी धुण्यात गेले. एकच्या सुमाराला त्यांच्या भाच्याला दिसले की मामा असंबद्ध बोलताहेत आणि गरीला आमिष लावताना हात चाचपडतो आहे. शेजारी मासळी निवडणाऱ्या बायकांनी त्यांना ओढून सावलीत आणले, सदरा काढला, खाडीच्या पाण्याच्या बादल्या अंगावर ओतल्या आणि सुपाने वारा घातला. माझ्याकडे आणले तेव्हाही ताप १०३ होता. तालुक्याला पाठवले, तीन दिवसांनी ते घरी आले. त्यांचा जीव त्या बायकांनी वाचवला, हे मी त्यांच्यासमोरच सांगितले.

त्या बायकांनी केले तेच शास्त्र सांगते. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. सावलीत या, थोडे थोडे पाणी प्या. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात. आधी अंगावर पाणी आणि वारा, त्याच वेळी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. ‘अजून घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नव्हे’ असेही समजू नका.

लघवीच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधे आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यांनी उन्हाचा त्रास लवकर होतो. असे औषध चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून जावे, गोळी मात्र परस्पर बंद करू नये. बियर हे पाणी नव्हे. तिने लघवी जास्त होते, आणि पाण्याच्या काठावर तोल गेला तर काय होते ते सांगायला नको.

एक गोष्ट मासाच शिकवतो. ऊन चढले की उथळ पाणी तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा खोल पाण्यात किंवा सावलीला जातो. जाणते गरवणारे म्हणूनच पहाटे आणि कलत्या उन्हात बसतात. सकाळी दहानंतर आणि चारच्या आत काठावर राहून मासाही नाही आणि प्रकृतीही नाही.

गरी रुतली तर

गरीच्या टोकाला मागे वळलेला दात असतो. मासा सुटू नये म्हणून ठेवलेला तो दात आपल्या बोटातही तेच काम करतो. गरी दातापर्यंत आत गेली नसेल, तर आली त्याच वाटेने अलगद निघते. दात आत गेला असेल तर ओढाताण करू नका. तंगूस कापा, गरी हलू नये अशी पट्टी बांधा आणि दवाखाना गाठा. जागा बधिर करून काढणे दोन मिनिटांचे काम असते. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गरी लागली, तर तिला हातही लावू नका. वर कागदी पेला उपडा धरून चिकटपट्टीने बसवा, डोळ्यावर दाब येऊ देऊ नका आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. मुले बरोबर असतील तर काठी फेकण्यापूर्वी मागे वळून पाहायची सवय सगळ्यांनाच लावा. डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी हा धोका पुष्कळ कमी होतो.

काट्याला हळद नव्हे, गरम पाणी

खाडीत शिंगाळी आणि धरणात शिंगटा गरीला हमखास लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे कातरलेल्या कडांचे काटे असतात. गरी सोडवताना मासा उसळतो आणि काटा तळहातात घुसतो. पाकटाचा काटा शेपटीवर असतो. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली दबून राहते आणि पाय पडला की शेपटी मारते. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन २००६ साली पाकटाचा काटा छातीत घुसूनच गेला. आपल्याकडे काटा बहुधा घोट्याशी लागतो, पण कळ अशी येते की धडधाकट माणूस रडतो.

या काट्यांवरचे विष उष्णतेने नासते. म्हणून जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि सोसेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी निरोगी माणसाने आपला हात घालून पाहावे, कारण दुखऱ्या अंगाला चटका कळत नाही. पाणी निवले की पुन्हा गरम घालावे. कळ बरीचशी याने उतरते. नंतर डॉक्टरांना दाखवावेच. तुकडा आत राहिला आहे का ते पाहावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर तेही घ्यावे. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल, तर तो उपटू नये. तसाच ठेवून रुग्णालयात न्यावे.

मधुमेह असलेल्या एका गृहस्थांना भर उन्हाळ्यात पायाच्या बोटाला शिंगाळीचा काटा लागला. दुखले फारसे नाही, कारण मधुमेहाने पायाची जाणीवच कमी झालेली. हळद आणि चुना भरून ते पुढचे दोन दिवसही गरवायला गेले. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा बोट काळे पडले होते. शल्यचिकित्सकांनी पाय वाचवला, बोट गेले. कोमट खाऱ्या पाण्यात उन्हाळ्यात वाढणारे काही जंतू अशा जखमेतून शिरतात. त्यांतला व्हिब्रिओ नावाचा जंतू यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांत एका दिवसातही प्राणावर बेततो. जखमेभोवती लाली पसरू लागली, फोड आले किंवा ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नका.

मासा ताजा, पण उन्हात पडलेला

बांगडा, तारली, कुपा, सुरमई हे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात जंतू हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. वास येईलच असे नाही. आणि ते द्रव्य तळून, उकळून किंवा नंतर बर्फात ठेवून जात नाही. जेवल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. लोक म्हणतात, ‘याला माशाची ॲलर्जी.’ पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, ते दुपारचे ऊन असते. तरीही श्वास लागला किंवा चक्कर आली, तर लगेच रुग्णालयात न्यावे. उपाय साधा आहे. घरून बर्फ न्या. जितका मासा तितकाच बर्फ. मासा लागला की लगेच साफ करून बर्फात घाला.

केंड मासा मात्र कसाही खाऊ नये. पोटात हवा-पाणी भरून चेंडूसारखा फुगणारा हा मासा गरीला लागतो, मुलांना त्याची गंमत वाटते. त्याच्या यकृतात, अंड्यांत आणि कातडीत असलेले विष शिजवून जात नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. कृत्रिम श्वासावर ठेवता आले तर माणूस वाचतो.

वळवाची वीज आणि भरतीचे पाणी

एप्रिल-मेच्या दुपारी ढग जमून गडगडू लागले की काठी खाली ठेवा. आजकालच्या कार्बनच्या काठ्या विजेला चांगली वाट देतात, आणि पाण्याकाठी सगळ्यांत उंच वस्तू बहुधा तीच असते. पक्के घर किंवा बंद मोटार गाठा, झाड नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची सूचना देते, ते मोबाईलवर ठेवावे. विजेच्या तारांखालीही काठी उभारू नये.

खडपावर जाण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात परतीची वाट बघता बघता बुडते. धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर वरून सुकलेला गाळ खाली मऊ असतो. त्यात रुतून माणूस अडकतो, म्हणून अनोळखी काठावर एकट्याने जाऊ नये. मुलांच्या अंगात तरंगणारे जाकीट हवेच, पोहता येत असले तरी.

पिशवीत काय असावे

माणशी निदान तीन लिटर पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले जलसंजीवनीचे पाणी, नाहीतर मीठ घातलेले ताक किंवा कोकमाचे सरबत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी मीठ-साखरेचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा, चष्मा. तंगूस कापायला पक्कड, स्वच्छ पट्टी, साबण. थर्मासमध्ये गरम पाणी आणि ते बेताचे करून पाय बुडवायला एक लहान बादली. बर्फाची पेटी. पायात जाड तळाचे बूट, आणि वाळूतून चालताना पाऊल उचलून न टाकता घासत न्यावे. चाहूल लागली की पाकट निघून जाते.

पत्र पाठवणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे की मुलांना अवश्य न्या. पहाटे उठणे, तासभर गप्प बसणे, भरती-ओहोटी ओळखणे, हे त्यांना शहरात कोणी शिकवणार नाही. मात्र निघतानाच परतायची वेळ ठरवा आणि ती पाळण्याचे काम बरोबरच्या सर्वांत लहान मुलावर सोपवा. त्याने ‘दहा वाजले’ म्हटले की गरी वर घ्यायची, मग तंगूस ताणलेली का असेना.