ठरलेले आणि घडलेले

दूरचित्रवाणीवरील मोटारींच्या करमणुकीच्या कार्यक्रमांविषयी त्यांच्याच चाहत्यांची एक तक्रार असते: 'हे सारे आधी लिहून काढलेले वाटते.' तक्रार क्षुल्लक दिसते. परंतु करमणूक आणि विश्वास यांचे नाते काय, हा जुना प्रश्न तिच्या पोटात आहे. म्हणून तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्या विदर्भातलीच दोन उदाहरणे घेऊ. नागपूरकडच्या खडी गंमतीत शाहीर, नाच्या आणि सोंगाड्या यांची कामे ठरलेली असतात. नाच्या हा स्त्रीवेष घेतलेला पुरुष, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही सोंगाड्याच्या हजरजबाबी टोल्यासाठी माणसे रात्र जागवतात. उलटपक्षी अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट पाहा. तेथे कोणती जोडी जिंकणार हे आधी कोणी ठरवीत नाही. गंमतीत कोणी निकाल मागत नाही आणि पटात कोणी सोंग खपवून घेत नाही. दोन्हीकडचा प्रेक्षक समाधानी असतो, कारण आपल्यापुढे काय चालले आहे हे त्याला पक्के माहीत असते.

मोटारींचा कार्यक्रम मात्र या दोहोंच्या मधोमध उभा राहतो. इंग्लंडातील बीबीसीचा 'टॉप गिअर' १९७७ साली मोटारींची माहिती देण्यासाठी निघाला. २००२ साली त्याला नवे रूप आले, आणि पुढे जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड व जेम्स मे या त्रयीच्या थट्टामस्करीने तो जगभर पोहोचला. जुन्या मोटारी घेऊन दूरदूरचे प्रवास, वाटेतले बिघाड, एकमेकांची फजिती, हे त्याचे भांडवल. पण मोटार 'अचानक' खड्ड्यात जाते आणि कॅमेरा मात्र त्या खड्ड्यासमोर आधीच सज्ज असतो! चाणाक्ष प्रेक्षकाला एवढी खूण पुरते.

निर्मात्यांचीही बाजू आहे. परवाने, विमा, माणसांचा लवाजमा आणि अनेक दिवसांचे चित्रण तासाभरात बसविणे, हे आखणीवाचून होत नाही. तेव्हा संहिता असणे हा दोष नव्हे.

दोष कोठे सुरू होतो, हे टेस्लाच्या प्रकरणात दिसते. डिसेंबर २००८ च्या एका भागात या कंपनीची विजेवरील मोटार शक्ती संपल्यासारखी ढकलत नेताना दाखविली गेली. दोन्ही मोटारींतील साठा वीस टक्क्यांखाली गेलाच नव्हता, असे कंपनीचे म्हणणे. तसे झाले तर काय होईल ते आम्ही दाखविले, हे कार्यक्रमाचे उत्तर. २०११ साली कंपनी न्यायालयात गेली; २०१३ साली अपील न्यायालयानेही तिच्या विरुद्ध निर्णय दिला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. प्रेक्षकाचा मिटला काय? लाखो रुपयांची मोटार घेऊ पाहणारा मनुष्य त्या दृश्यास परीक्षेचा निकाल समजतो.

तात्पर्य, चाहत्यांचा राग लेखणीवर नाही, लपवाछपवीवर आहे. सोंग सोंग म्हणून आले तर आपण मनमुराद हसतो; तेच सोंग पंचाचा अंगरखा घालून आले, की आपला विश्वास उडतो. पडद्यावर काही 'घडताना' पाहू तेव्हा आपण एवढेच विचारावे: ही गंमत आहे, की पट?